रेझिनच्या दागिन्यातलं लाकूड

पावसाळा लागला की जुन्या घरातलं सागवानी दार चौकटीत अडकायला लागतं. श्रावणात त्याला खांदा लावावा लागतो, आणि चैत्र आला की तेच दार एका बोटाने लोटलं जातं, वर फटीतून उजेडही दिसतो. जाणता सुतार श्रावणात अशा दारावर रंधा मारत नाही. होळीपर्यंत थांबा म्हणतो. आता छिललं तर उन्हाळ्यात फट पडेल, हे त्याला ठाऊक असतं.

लाकडाचा छोटा तुकडा साच्यात ठेवून त्यावर पारदर्शक रेझिन ओतून पेंडंट, कानातले, अंगठ्या करणाऱ्यांची तक्रार याच दाराच्या कुळातली आहे. रेझिन ओतलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ होतं, तासाभरात लाकडाच्या बाजूनेच बारीक बुडबुडे उठले. किंवा दागिना छान झाला, विकलाही गेला, आणि सहा महिन्यांनी लाकूड आणि रेझिन जिथे मिळतात तिथे चंदेरी रेघ दिसायला लागली. दोष बहुतेक वेळा रेझिनच्या कंपनीला दिला जातो. माझ्या मते दहातल्या आठ वेळा तरी दोष लाकडाचा असतो, म्हणजे खरं तर लाकडातल्या पाण्याचा आणि हवेचा.

हे समजून घ्यायला वरठीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. नागपूर-गोंदिया लोहमार्गावरचं ‘भंडारा रोड’ स्टेशन आहे ते याच गावात. मोहाडी तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे. पण कारखान्याच्या कुंपणापलीकडे धानाची शेतं, बांधांवर बाभूळ, बोर, मोह, आंबा, आणि भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेला कोका, नागझिऱ्याचं सागाचं नि मिश्र जंगल. लाकूड मुबलक आहे. आणि हवा अशी की मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, दुपारची हवा भट्टीची कोरडी असते. ऑगस्टमध्ये त्याच घरात मीठ पाझरतं. लाकडाचा स्वभाव इथे बारा महिन्यांत पुरता उघडा पडतो.

आतून लाकूड कसं असतं

धानाच्या तणसाची घट्ट बांधलेली पेंढी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक काडी आतून पोकळ, सगळ्या एकाच दिशेने, एकमेकींना चिकटलेल्या. लाकडाची रचना साधारण अशीच आहे, फक्त काड्या अतिशय बारीक. झाड जिवंत असताना यांतल्या मोठ्या नळ्यांमधून मुळांचं पाणी पानांपर्यंत जातं. बाकीच्या बारीक, जाड भिंतींच्या पेशी झाडाला उभं ठेवतात. झाड तोडलं की पाण्याचं काम संपतं, नळ्या मात्र राहतात.

सागाचा तुकडा आडवा कापून काटछेद भिंगाखाली पाहिला तर या नळ्यांची तोंडं दिसतात. नीट तासलेल्या फळीवर नुसत्या डोळ्यांनाही. सागात मोठ्या नळ्यांची ओळ दर वर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला येते, म्हणून त्याची वलयं इतकी ठळक. आंब्यात नळ्या साऱ्या लाकडभर विखुरलेल्या असतात. दागिना करणाऱ्याला यातून एवढंच हवं: पेंढी ज्या टोकाला कापली तिथे हजारो तोंडं उघडी पडतात, आणि हवा काय किंवा पाणी काय, बाजूंपेक्षा या टोकांतून कितीतरी वेगाने ये-जा करतं.

झाडाच्या सालीलगतचा फिका भाग आणि आतला गडद गाभा हेही वेगवेगळे समजायचे. फिक्या भागात झाडाने साठवलेलं पिष्ट असतं. किडीला ते आवडतं. गाभ्यातल्या नळ्यांमध्ये रंग, तेल, डिंक भरलेले असतात. रंग सुंदर तिथेच, आणि रेझिन न चिकटण्याचा धोकाही तिथेच.

पाणी दोन जागी

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक, नळ्यांच्या पोकळीत. हे मोकळं पाणी. दुसरं, पेशींच्या भिंतींत मुरलेलं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं. तोवर लाकूड हलकं होतं, पण आकाराने तेवढंच राहतं. लाकडाचा ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींमधलं पाणी सुटायला लागतं. इथून पुढे लाकूड आकसतं. दार फुगणं-सुकणं, खाट डगमगणं, ढोलकीचं खोड तडकणं, सगळा खेळ या 30 टक्क्यांच्या खालचा.

आणि लाकूड कधीही ‘पूर्ण वाळून’ थांबत नाही. भोवतालच्या हवेशी ते सतत देवाणघेवाण करतं. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडाचा ओलावा हळूहळू 6 टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. 50 टक्के आर्द्रतेला साधारण 9 टक्के. 80 टक्के आर्द्रतेला 16 टक्क्यांच्या जवळ. हे आकडे जातीनुसार थोडे इकडेतिकडे होतात, पण साग, बाभूळ, आंबा सगळ्यांना लागू पडतात. म्हणजे वरठीतल्या एखाद्या घरात उघड्यावर ठेवलेला लाकडाचा तुकडा मे अखेरीस 6 टक्क्यांवर असेल, तर ऑगस्टमध्ये तोच 16 कडे जाईल.

हे दहा टक्के दिसतात किती? साग आकसण्याच्या बाबतीत सभ्य लाकूड मानलं जातं. पूर्ण ओलं ते पूर्ण कोरडं एवढ्या प्रवासात तो वाढवलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. हिशेब केला तर ओलावा दहा टक्क्यांनी बदलल्यावर वलयांच्या दिशेने 20 मिलिमीटर रुंदीचा तुकडा साधारण 0.4 मिलिमीटरने कमीजास्त होतो. दाराला हे किरकोळ. पेंडंटमध्ये 0.4 मिलिमीटर म्हणजे दरी. रेझिन हवेतल्या ओलाव्याने असं हलत नाही. एक हलतं, दुसरं जागेवर अडून बसतं, आणि ताण येतो तो दोघांच्या जोडावर. चंदेरी रेघ म्हणजे तिथे सुटलेल्या जोडात शिरलेली हवा.

रेझिनचं कवच असल्यावर लाकडाला ओलावा लागेलच कसा, असा प्रश्न येतो. इपॉक्सीच्या, म्हणजे याच रेझिनच्या, थरातूनही वाफ अतिशय सावकाश पार होते. कवच ओलाव्याला उशीर करतं, कायमचा अडवत नाही. शिवाय बहुतेक दागिन्यांत लाकडाची एक बाजू उघडीच ठेवलेली असते, ती बोटाला जाणवावी म्हणून.

चकतीला भेग का पडते

फांदी आडवी कापून केलेल्या गोल चकत्या दिसतात सुरेख. वलयं, साल, सगळं आयतं. आणि त्याच सर्वांत आधी तडकतात. कारण वर दिलेल्या दोन आकड्यांत आहे. चकती घेराच्या दिशेने 5.8 टक्के आकसू पाहते, त्रिज्येच्या दिशेने 2.5 टक्केच. घेर कमी व्हायला बघतो, त्रिज्या तेवढी कमी व्हायला तयार नाही. या ओढाताणीत कुठेतरी घेर तुटतो आणि सालीपासून मध्यापर्यंत पाचरीच्या आकाराची भेग पडते. यात लाकडाची प्रत वाईट असण्याचा संबंध नाही. भूमितीच तशी आहे.

उपाय दोन. चकतीचा मोह सोडून उभ्या रेषांचा तुकडा घ्यायचा. नाहीतर चकती आधी पूर्ण वाळू द्यायची, भेग पडायची तेवढी पडू द्यायची, आणि मग त्या भेगेतच रंगीत रेझिन भरायचं. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. लाकडाने स्वतः आखलेली रेघ कोणत्याही साच्यातून येणाऱ्या नक्षीपेक्षा बरी दिसते.

कोणतं लाकूड घ्यावं

भंडाऱ्याच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची निवड कामावरून होत आली. दार-चौकटीला साग, बंडीच्या चाकाला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, जूला हलकं आणि चिवट लाकूड. दागिन्याच्या कामाला निकष वेगळे लागतात: रंग, रेषांची बारकाई, तोडल्यावर निघणारी कड, आणि रेझिनला धरून ठेवण्याची तयारी. ताकद इथे फारशी लागत नाही.

साग आरा मशीनवर आणि सुताराकडे सहज मिळतो. कापून उरलेल्या ढलप्या तर कोणीही देईल. पण सागात नैसर्गिक तेल आणि थोडा रबरासारखा पदार्थ असतो. वाळवीला दूर ठेवणारे हे गुण रेझिनच्या वाटेत येतात. ताज्या घासलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: थेंब गोल राहिला तर तेल वर आलंय; पसरून मुरला तर काम करायला हरकत नाही. तेल असेल तर ॲसिटोनने पुसायचं आणि ते उडून जाताच रेझिन लावायचं. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

बीजा, ज्याला बिबळाही म्हणतात, सोनेरी-तपकिरी, वजनदार आणि बारीक कामाला फार छान. याच्याच लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून विकले जातात. त्यात ठेवलेल्या पाण्यावर निळसर झाक येते, कारण बीजाचं रंगद्रव्य पाण्यात उतरतं. तेच द्रव्य स्पिरिटने पुसताना कापडावर येतं आणि फिक्या रेझिनमध्ये पिवळट ढग सोडू शकतं. बीजाला आधी पातळ रेझिनचा बंद थर द्यावाच लागतो. नाव जवळचं म्हणून बिबा मात्र चुकूनही उचलू नका. बिब्ब्याच्या झाडाच्या रसाने कातडीला फोड येतात आणि दागिना कातडीवरच बसायचा असतो.

तेंदूपत्त्यामुळे तेंदूचं झाड या भागात सर्वांना माहीत. त्याच्या जुन्या खोडाचा गाभा काळा निघतो हे कमी जणांना. आबनूस म्हणतात तो याच कुळातला. तुकडे लहान मिळतात, कठीण असतात, अतिशय बारीक पोताचे. कानातल्यांना याहून चांगलं काही नाही. चिंचेच्या जुन्या खोडाचा जांभळट गाभा, बोरीचं लालसर लाकूड, बाभळीचा तांबूस-तपकिरी गाभा, हे तिन्ही बांधावरचे आणि बहुतेकदा चुलीत जाणारे. बाभळीवर माझा जीव जास्त आहे. ती घासायला त्रास देते, पण तोडल्यावर तिची कड अशी दातेरी निघते की निळ्या रेझिनमध्ये डोंगररांग तयार होते.

आंब्याचं लाकूड फिकं, मऊ आणि वाळताना बुरशीने काळ्या-करड्या रेघा धरणारं. फर्निचरवाला याला डाग म्हणतो. दागिन्यात हेच डाग नक्षी होतात, फक्त लाकूड बोटाने दाबल्यावर खचेल इतकं कुजलेलं नको. पळसाचं लाकूड मात्र हलकं आणि भुसभुशीत. ते तसंच वापरलं तर रेझिन पितं आणि बुडबुडे सोडतं. अशा लाकडाला आधी ‘स्थिर’ करावं लागतं, म्हणजे निर्वात भांड्यात त्यातली हवा ओढून काढायची, त्या जागी पाण्याइतकं पातळ रेझिन भरू द्यायचं आणि उष्णतेने ते आतच घट्ट करायचं. यंत्र नसेल तर पळसाच्या नादी लागू नये. सालईच्याही. तिच्यात स्वतःचाच सुगंधी डिंक असतो, धूप म्हणून जळतो तो. ऊन लागलं की पाझरतो.

नव्या लाकडाहून सर्वांत खात्रीचं म्हणजे जुनं. पडक्या घराचं दार, मोडक्या बंडीचा तुकडा, फुटलेला पाट. यांनी शेकडो दिवस ऊन नि पाऊस पाहिलेला असतो, आतले ताण निवलेले असतात. दोन गोष्टी सांभाळायच्या. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. आणि पिढ्यांनी जवसाचं तेल पाजलेल्या लाकडाचा वरचा थर छिलून टाकायचा, कारण तेलावर इपॉक्सी बसत नाही.

रेल्वेचं लाकूड आणि जंगलातलं लाकूड

रेल्वेच्या गावात जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे कुठे कुठे पडलेले असतात आणि ते दिसायला मोठे आकर्षक असतात. ते घेऊ नका. स्लीपर कुजू नयेत म्हणून अनेकांना क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून निघणारं तेल, पाजलेलं असायचं. ते कातडीला वाईट, आणि रेझिनलाही धरू देत नाही.

जंगलात पडलेली फांदी ‘वाळकी तर आहे’ म्हणून उचलणं हाही सोपा मोह. कोका आणि नागझिरा अभयारण्यं आहेत; तिथून काहीही आणता येत नाही, वाळलेलं लाकूडही नाही. आपल्या शेतातलं झाड असलं तरी साग, बीजा, मोह, आंबा, खैर अशा झाडांच्या तोडीला 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. शिसवाचे दागिने परदेशी पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: 2017 पासून शिसवाची सारी जात धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तयार वस्तूंच्या लहान मालाला त्यात सूट आहे, पण पाठवण्याआधी नियम बघून घ्यायचे. सुताराच्या दुकानातल्या ढलप्या गोळा करणं या सगळ्यापेक्षा सोपं, आणि त्यांत निवडही जास्त.

वाळवायचं कसं

ताजा ओंडका असेल तर घाई करायची नाही. मेच्या उन्हात पत्र्यावर टाकलेलं ओलं लाकूड बाहेरून झपाट्याने सुकतं, आतून ओलंच राहतं. बाहेरचा थर आकसू पाहतो, आतला भाग त्याला आकसू देत नाही, आणि पृष्ठभाग फाटतो. जुना अंदाज असा की इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वाळायला वर्ष लागतं. दागिन्यासाठी तेवढी जाडी लागतच नाही. ओंडका बोटभर जाडीच्या पट्ट्यांत चिरून घ्या, कापलेल्या दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉल फासा, म्हणजे पाणी त्या उघड्या नळ्यांतून पळून न जाता बाजूंनी सावकाश निघेल, आणि पट्ट्यांमध्ये काड्या घालून वारा खेळेल अशा सावलीत रचून ठेवा.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा पुरतो. तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, आठवड्याने पुन्हा तोलायचं. सलग दोन-तीन वेळा वजन तेच आलं तर लाकडाचा त्या हवेशी समझोता झाला. नेमका ओलावा हवा असेल तर त्याच पट्टीतला एक तुकडा बळी द्यावा लागतो. समजा त्याचं वजन 23 ग्रॅम आहे. ओव्हनमध्ये 103 अंश सेल्सिअसला वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवल्यावर ते 20 ग्रॅम झालं, तर गेलेलं पाणी 3 ग्रॅम, भागिले 20, ओलावा 15 टक्के. हा तुकडा इतका कोरडा झालेला असतो की दागिन्यात वापरायचा नाही.

मग लक्ष्य किती ठेवायचं? ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हे सर्वत्र सांगितलं जातं, आणि इथे मी वेगळं म्हणेन. मेमध्ये 5-6 टक्क्यांवर आलेलं लाकूड रेझिनमध्ये बंद केलं तर पहिल्याच पावसाळ्यात ते फुगून जोडावर रेटा देईल. ऑगस्टमध्ये 16 टक्क्यांवर केलेला दागिना उन्हाळ्यात आकसून जोड सोडेल. दोन्ही टोकांच्या मध्ये, 8 ते 10 टक्क्यांवर काम केलं तर लाकडाला दोन्हीकडे थोडंथोडंच हलावं लागतं, आणि हा ओलावा इपॉक्सीलाही चालतो. वरठीच्या हवेत दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरला की माघापर्यंत लाकूड आपोआप या पट्ट्यात येतं, कोणत्याही भट्टीशिवाय. ऐन थंडीत पहाटे पारा खूप खाली येतो तेव्हा रेझिन मात्र दाट होतं, बुडबुडे सोडत नाही आणि जमायला वेळ लावतं. म्हणून बाटल्या कोमट पाण्यात ठेवून काम दिवसा उरकायचं. मुंबई-कोकणात जाणारा माल असेल तर 10 च्या वरची बाजू धरावी, तिथली हवा वर्षभर दमट.

किडीचा बंदोबस्तही याच टप्प्यावर. फिक्या भागातलं पिष्ट खाणारे बारीक भुंगेरे लाकडात अंडी घालतात आणि वर्षभराने पिठासारखा भुसा पडायला लागतो. लाकडी खोक्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात कीड मारण्यासाठी लाकडाचा गाभा 56 अंशांवर किमान 30 मिनिटं ठेवण्याचा नियम आहे. घरच्या ओव्हनमध्ये 60 अंशांना दोन-तीन तास ठेवले तर लहान तुकड्यांसाठी तो पाळला जातो. नंतर त्यांना पुन्हा हवेत काही दिवस ठेवून वजन स्थिर होऊ द्यायचं.

चौकट: ओतण्याआधी पाहायचं
• वजन सलग दोन-तीन आठवडे स्थिर आहे का. ओलावा 8 ते 10 टक्के.
• जिथे रेझिन चिकटायचं ती बाजू 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत ठेवलेली. गुळगुळीत बाजूला धरायला जागा मिळत नाही.
• धूळ कोरड्या ब्रशने झटकलेली. तेलकट लाकूड ॲसिटोनने पुसून लगेच कामाला घेतलेलं.
• सैल साल काढलेली. वाळल्यावर हाताने हलते ती साल रेझिनमध्येही सुटते.
• तेल, मेण, स्पिरिट पॉलिश काहीही नाही. लाखेत मुळातच मेण असतं.
• हातमोजे आणि मास्क. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक आहे, आणि इपॉक्सीच्या हार्डनरची कातडीला एकदा ॲलर्जी जडली की जात नाही.

बुडबुडे कुठून येतात

लाकूड वाळलं म्हणजे पेंढीतल्या काड्या रिकाम्या झाल्या, आणि रिकाम्या म्हणजे हवेने भरल्या. इपॉक्सी दोन द्रवांची बनते, रेझिन आणि हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन घट्टपणा येतो आणि उष्णता बाहेर पडते. लाकूड तापतं, नळ्यांतली हवा फुगते. 30 अंशांवरून 60 अंशांवर गेलेली हवा दहा टक्क्यांनी जास्त जागा मागते. ती नळ्यांच्या उघड्या तोंडांतून रेझिनमध्ये घुसते, आणि रेझिन तोवर इतकं दाट झालेलं असतं की बुडबुडा वर येऊन फुटू शकत नाही. लायटरची ज्योत फिरवून वरचे बुडबुडे जातात, लाकडालगतचे राहतात.

पेंडंटसारख्या छोट्या ऐवजात रेझिन थोडं, त्यामुळे त्याची स्वतःची उष्णता फारशी नसते. मग बुडबुडे का? कारण खोलीच तापत असते. सकाळी दहाला ओतलेलं रेझिन जमेपर्यंत दुपार होते. यावर उपाय फुकटचा आहे: संध्याकाळी ओता. दुपारी 44 अंशांवर असलेलं लाकूड रात्री 34 वर येताना त्यातली हवा सुमारे 3 टक्क्यांनी आक्रसते आणि बुडबुडा बाहेर ढकलण्याऐवजी रेझिन थोडं आत ओढून घेते. बाहेर येणारी हवा आत जायला लागते, एवढा फरक फक्त घड्याळाने पडतो. हिवाळ्यात हेच हवं असेल तर लाकूड ओतण्याआधी थोडं कोमट करून घ्यायचं.

तरी नळ्यांची तोंडं आधी बंद करणं उत्तम. त्यासाठी त्याच रेझिनचा पातळ हात ब्रशने साऱ्या लाकडाला, विशेषतः कापलेल्या टोकांना, द्यायचा. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत असताना मुख्य रेझिन ओतलं तर दोन्ही थर रासायनिक रीतीने एकजीव होतात. रात्र उलटून थर पूर्ण घट्ट झाला असेल तर 220 नंबरने खरवडून मगच ओतायचं. पावसाळ्यात या थरावर कधी कधी तेलकट पांढुरकी साय येते. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळल्याने ती बनते. ओल्या फडक्याने ती निघते, आणि निघालीच पाहिजे, नाहीतर वरचा थर तिच्यावर बसतो, खालच्या थरावर नाही.

मोठ्या कारागिरांकडे दाबाचं भांडं असतं: साचा आत ठेवून हवेचा दाब वातावरणाच्या अडीच-तीन पट केला की बुडबुडे इतके लहान होतात की डोळ्याला दिसत नाहीत. स्वयंपाकघरातला कुकर यासाठी बनलेला नाही. त्यात पंपाने हवा भरण्याचा प्रयोग करू नये. लाकूड घातलेल्या साच्यावर निर्वात पंप लावणंही उलट फळतं, कारण लाकूड संपता न संपणारी हवा सोडत राहतं आणि रेझिन फेसाळून साच्याबाहेर येतं. निर्वात पंप लाकडाला स्थिर करताना उपयोगी, ओतताना नव्हे.

उन्हाळ्याची आणखी एक अडचण सांगायला हवी. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन जमायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. डब्यावर चाळीस मिनिटं लिहिलेली असतात ती 25 अंशांची. मेमधल्या वरठीत पंधरा मिनिटांतच कप हातात गरम लागतो. थोडंथोडं मिसळा. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं हेही नीट वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाच्या प्रमाणाने वजन केलं तर मिश्रण चुकतं आणि दागिना कायम चिकट राहतो.

जमल्यानंतर

घरच्या तापमानावर जमलेली बरीचशी इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. उन्हात उभ्या मोटारीतला डॅशबोर्ड मेमध्ये याच्या पलीकडे जातो. तिथे विसरलेलं पेंडंट वाकतं, त्यावर कापडाची वीण उमटते, आणि मऊ रेझिनमध्ये लाकडाला हलायला वाव मिळतो. विकताना एवढी सूचना द्यायला हरकत नाही.

घासताना लाकूड आणि रेझिन सारख्या वेगाने झिजत नाहीत. आंब्यासारखं मऊ लाकूड लवकर खाली जातं आणि जोडावर पायरी पडते, बाभूळ-तेंदूत उलट. पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासलं तर हे टळतं. 400 पर्यंत कोरडं, पुढे 2000 पर्यंत पाण्याने. पण लाकडाची उघडी बाजू असेल तर पाण्याचा टप्पा टाळून कोरडंच करायचं, नाहीतर इतके आठवडे तोलून आणलेला ओलावा पाच मिनिटांत बदलतो. उघड्या लाकडाला शेवटी मधमाशीच्या मेणाचा हात द्यावा. आता तेल-मेणाला मनाई नाही.

कडी अडकवायचं भोक शक्यतो रेझिनच्या भागात पाडायचं. लाकडातच पाडणं भाग असेल तर बारीक ड्रिलने पाडून काडीच्या टोकाने आतून रेझिनचा एक थेंब फिरवायचा. भोकात पुन्हा नळ्यांची तोंडं उघडी पडलेली असतात, आणि गळ्यातला घाम पहिल्यांदा तिथेच पोचतो.